वाळूची टेकडी मोजायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांबद्दल लिहिलं होतं, शेवटी म्हटलं होतं की कॉलेजच्या मुलामुलींनी यावर काम करायला पाहिजे, पुस्तकातून नाही तर टेप आणि वही घेऊन तिथे जाऊन. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. काही पत्रं लांब होती, ती थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी रत्नागिरीला टीवायबीएस्सी बॉटनी करतेय. फील्ड प्रोजेक्टला वाळूच्या टेकड्यांवरची झाडं घेतलीयेत. गाईड म्हणतात सगळ्या झाडांची यादी करा, फोटो चिकटवा, झालं. पण एवढ्यावर प्रोजेक्ट होतो असं मला वाटत नाही. काय करू?

उत्तर : तुला वाटतंय ते बरोबरच आहे. यादी लागतेच, पण यादीवरून हे कळत नाही की कुठलं झाड पाण्यापासून किती लांब आणि किती उंचीवर आहे, आणि टेकडीवर तर सगळं त्यावरच ठरतं. समुद्राच्या बाजूला खारे तुषार, सतत उडणारी वाळू, दुपारी पाय ठेववत नाही इतकी तापलेली जमीन, खत म्हणावं असं काही नाही, आणि तिथून थोडंसं आत, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर गेलं की वारा एकदम पडतो, पाला साठतो, ओल टिकते. म्हणून झाडं पट्ट्यापट्ट्याने बदलत जातात आणि तो बदल मोजणं हाच तुझा प्रोजेक्ट.

पद्धत साधी आहे. भरतीने आणून टाकलेल्या काटक्या, शिंपले, प्लास्टिक यांची जी सगळ्यात वरची ओळ दिसते तिला शून्य धर, तिथून किनाऱ्याला काटकोनात सरळ आत टेप टाक, नारळाच्या बागेपर्यंत किंवा रस्त्यापर्यंत. टेपच्या कडेने ठराविक अंतरावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेव आणि आत काय काय आहे ते लिही. पुढच्या उतारावर चौकटी जवळजवळ घे कारण तिथे चार पावलांत चित्र बदलतं, मागे लांब लांब घेतल्या तरी चालतं. अशा रेषा एकाच किनाऱ्यावर अंतर सोडून किमान पाच-सहा तरी हव्यात, एका रेषेवरून काही म्हणता येत नाही.

काय दिसेल त्याचा अंदाज देऊन ठेवते. अगदी पुढे काहीच नाही, नुसती वाळू. मग मर्यादवेल, तिची पानं आपट्यासारखी दुभंगलेली असतात त्यामुळे चुकायची नाहीस, आणि काटेरी स्पिनिफेक्स गवत. त्यांच्यात अधेमधे लॉनिया, जमिनीलगत पसरणारं पिवळ्या फुलांचं रोप, आणि लव्हाळ्याच्या कुळातलं छोटं सायपेरस. जरा मागे अबईच्या जातीतली कॅनाव्हालियाची वेल. माथा ओलांडला की निर्गुंडी, कडू कोयनेल, केवडा, आणि जिथे अजून कुणी तोडलेली नाहीत तिथे उंडीची झाडं. घाणेरी आणि रानमोडी दिसायला लागली तर वहीत ठळक लिही, तिथे माणसाने काहीतरी ढवळलंय असं बहुतेक वेळा निघतं.

ओळख पटत नसेल तर अंदाजाने नाव ठोकून देऊ नकोस. फूल, फळ, पानाची खालची बाजू, खोडाचा पेरा असे वेगवेगळे फोटो घे, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह, आहे, पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, कॉलेजचं पत्र घेऊन गेलं तर नमुने ताडून बघता येतात.

प्रश्न : ट्रान्सेक्ट (टेपची सरळ रेघ) टाकला, चौकटी ठेवल्या, पण मर्यादवेल मोजायला गेलो तर एक वेल कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते तेच कळेना. आमच्या ग्रुपमध्ये एकाने सात मोजल्या, दुसऱ्याने एकवीस. (सिंधुदुर्ग, एसवायबीएस्सी)

उत्तर : दोघंही बरोबर आणि दोघंही चूक, कारण हा आकडाच काढायचा नसतो. मर्यादवेलीला प्रत्येक पेऱ्यावर मुळं फुटतात, एकच वेल कितीतरी मीटर पसरते, मधला भाग वाळूखाली गाडला जातो आणि वरून दहा वेगळी रोपं असल्यासारखं दिसतं. स्पिनिफेक्सचंही तेच. म्हणून अशा झाडांची संख्या नाही, झाकलेली जागा मोजतात. लाकडी चौकटीला दहा-दहा सेंटिमीटरवर दोरे बांधा, शंभर घरं होतात, जितक्या घरांत निम्म्याहून जास्त जागा पानांनी झाकली आहे तितके टक्के. दोघांनी वेगवेगळं मोजा, एकमेकांचा आकडा न बघता, मग ताडा. फरक फार येत असेल तर पहिला दिवस नुसता सरावात घालवा, तो वाया जात नाही.

आता तुम्ही वेलीपाशी गुडघ्यावर बसणारच आहात तर अजून एक गोष्ट करा, माझ्या मते यात खरी मजा आहे. वेलीचं कोवळं टोक धरा, ते वाळूच्या वर मोकळं असतं. तिथून मागे मागे या. दोन-तीन पेरी वर आहेत, मग एक अर्धं गाडलेलं, मग वेल वाळूत शिरते आणि दिसेनाशी होते. तिथून पुढे लोकर विणायची सुई किंवा स्टीलची पट्टी हलक्या हाताने खाली घाला आणि खोडाला टेकेपर्यंत किती खोल गेली ते लिहा, दर अर्ध्या मीटरवर. वेल उपटायची नाही, ओढायचीही नाही. ती पसरताना वाळूच्या वरून गेली होती, आता तिच्यावर जी वाळू आहे ती नंतर येऊन बसलेली, म्हणजे तुम्ही टेकडी वाढताना मोजताय. वाऱ्याने जाणारी वाळू बहुतेक सगळी गुडघ्याच्या खालीच, उड्या मारत मारत जाते, त्यामुळे वीतभर उंचीची पानंसुद्धा तिला अडवायला पुरतात, तिथे वारा मंदावला की वाळू पडते, वेल गाडली जाते, गाडली गेली की परत वर येते आणि पुढची वाळू अडवते. पुढच्या टेकडीची उंची अशीच वाढत जाते. ज्या रेषेवर पर्यटकांची पायवाट आहे तिथे हेच माप घ्या आणि शेजारी ठेवा.

जाता जाता पानाचा देठ पात्याला जिथे मिळतो तिथे भिंगातून बघा, दोन बारीक ग्रंथी दिसतील, त्यातून गोड रस येतो आणि मुंग्या तिथे घुटमळत असतात. कुणाला झूऑलॉजीवाला पार्टनर मिळाला तर मुंग्या कुठल्या आणि कुठल्या वेळेला येतात हा वेगळा प्रोजेक्ट होईल. स्पिनिफेक्समध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, मादीचं ते काटेरी गोल बोंड सुटतं आणि वाऱ्याबरोबर गडगडत किनाराभर बिया टाकत जातं. तुमच्या किनाऱ्यावर नराचे ताटवे किती आणि मादीचे किती, आणि ते सरमिसळ आहेत की वेगवेगळे, एवढं जरी नीट मोजलंत तरी चांगलं काम होईल.

प्रश्न : टेकडीची उंची मोजायला आमच्या कॉलेजात डंपी लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) वगैरे काही नाही. मोबाईलच्या जीपीएसवर चालेल का?

उत्तर : उंचीसाठी मोबाईल अजिबात नको, काही मीटरचा फरक सहज पडतो आणि तुमची टेकडीच तेवढी असते. दोन सरळ काठ्या घ्या, दीड मीटरच्या, वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. समुद्रशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली पद्धत आहे, जगभर अजून वापरतात आणि खर्च जवळजवळ शून्य. दोन काठ्या ठराविक अंतरावर, समजा दीड मीटरवर, उभ्या धरायच्या, एक समुद्राकडे, एक जमिनीकडे. जमीन समुद्राकडे उतरत असेल तर मागच्या काठीपाशी उभं राहून, समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिजाची रेघ एका ओळीत आणायची, ती नजर मागच्या काठीला टोकापासून किती सेंटिमीटर खाली कापते ते वाचायचं, तेवढा उतार. उलट चढ असेल, म्हणजे समुद्राकडची काठी उंचावर असेल, तर मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज बघायचं आणि समुद्राकडच्या काठीवर वाचायचं. मग काठ्या पुढे सरकवायच्या आणि बेरीज-वजाबाकी करत जायचं.

माथ्याच्या मागे गेलं की क्षितिज दिसत नाही, तिथे गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब मागून घ्या. आत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं गणित फसतं, तेवढं बघा. सुरुवात मात्र पक्क्या खुणेपासून करा, मंदिराचा चौथरा, विहिरीचा कठडा, पूल, असं काहीतरी जे पुढच्या वर्षीही असेल. पावसाळ्यात लाटा पुळणीची, म्हणजे टेकडीसमोरच्या सपाट किनाऱ्याची, वाळू ओढून नेतात, ऑक्टोबरनंतर हळूहळू ती परत येते, त्यामुळे एकदाच मोजलेल्या उंचीला फार अर्थ नाही. पाऊस संपल्यावर एकदा आणि एप्रिल-मेमध्ये एकदा अशी त्याच रेषेवर दोन मापं तरी हवीत. झाडांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला, पावसाळी छोटी रोपं तोवर टिकून असतात, मार्चनंतर गेलात तर ती वाळून गेलेली असतात आणि यादीतून आपोआप गळतात.

प्रश्न : मी गोव्यात एमएस्सीला आहे. पर्यटनाचा टेकड्यांवरच्या वनस्पतींवर परिणाम असा विषय घेतलाय. कळंगुट आणि मोरजी अशी तुलना करायची आहे, प्रत्येकी तीस चौकटी. पुरेसं आहे ना?

उत्तर : चौकटी तीस असल्या तरी किनारे दोनच आहेत, इथे गोची आहे. कळंगुट आणि मोरजीत पर्यटक सोडून इतर शंभर फरक असतील, किनाऱ्याचा उतार वेगळा, नदीचं मुख जवळ-लांब, वाळूचा दाणा वेगळा, बांधकाम किती जुनं. झाडं वेगळी निघाली तर त्यातलं काय कशामुळे हे तुला सांगता येणार नाही, आणि परीक्षकाने एवढाच प्रश्न विचारला तरी पंचाईत. चौकटी प्रत्येकी साठ केल्यास तरी हे सुटत नाही.

त्यापेक्षा पायवाटा घे. प्रत्येक किनाऱ्यावर टेकडी ओलांडून जाणाऱ्या पायवाटा असतात. एक पायवाट म्हणजे एक नमुना. पायवाटेच्या अगदी कडेला एक चौकट, तिथून दहा मीटर बाजूला, समुद्रापासून त्याच अंतरावर, दुसरी चौकट. अशा जोड्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवर घे, केरी, मांद्रे, आश्वे, बाणावली, आगोंद, जिथे जिथे टेकडी शिल्लक आहे तिथे. मग बाकी फरक जोडीच्या दोन्ही बाजूंना सारखेच राहतात आणि तुडवण्याचा परिणाम तेवढा वेगळा दिसतो. पायवाटेवरून किती माणसं जातात ते तासभर बसून मोज, सुट्टीच्या दिवशी आणि आडदिवशी.

मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालतात, नोव्हेंबरपासून तिथे घरटी असू शकतात, त्यामुळे वनखात्याला आधी लेखी विचार आणि रात्री टॉर्च घेऊन फिरू नकोस. मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीवर गोवा विद्यापीठात आणि मंगळूरला चांगलं काम झालेलं आहे, वाळूत अन्न नसताना ही झाडं जगतात त्यात त्या बुरशीचा मोठा वाटा आहे. तुझ्या विभागात कुणी त्यातलं असेल तर पायवाटेच्या कडेच्या आणि लांबच्या मुळांचे नमुने जोडीने घेता येतील.

प्रश्न : मी मालवणजवळ होमस्टे चालवतो. घरासमोर वाळूची टेकडी आहे, तिच्यामुळे खोलीतून समुद्र दिसत नाही, गिऱ्हाईक कुरकुरतं. मध्ये कॉलेजची पोरं येऊन दोन दिवस काठ्या रोवून मोजून गेली. जागा माझीच आहे, जेसीबी लावून थोडी सपाट केली तर पोरांच्या रिपोर्टमुळे अडचण येईल का?

उत्तर : दादा, अडचण पोरांच्या रिपोर्टमुळे नाही, कायद्यामुळे येईल. १९९१ ला सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना आली, मग २०११ ची, मग २०१९ ची, वाळूच्या टेकड्या सपाट करायला किंवा त्यांचा आकार बदलायला त्यात मनाई आहे, आणि २०१९ च्या अधिसूचनेत तर त्या सीआरझेड १-अ मध्ये, म्हणजे कांदळवन आणि प्रवाळ ज्या वर्गात आहेत त्याच वर्गात धरल्यात. जागा मालकीची असली तरी.

पण कायदा बाजूला ठेवून तुमच्याच फायद्याचं सांगते. तुमच्या विहिरीला गोडं पाणी आहे ना? समुद्र एवढा जवळ असून गोडं आहे त्याचं कारण ही वाळूच आहे. पावसाचं पाणी वाळूतून खाली मुरतं आणि खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं, गोडं पाणी हलकं असतं म्हणून. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोड्या पाण्याची पातळी असेल तर त्याखाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं, निदान हिशोबाने. म्हणजे वरचं जितकं कमी होईल त्याच्या कितीतरी पट खालून खारं वर येतं. टेकडी काढली, वर पर्यटकांसाठी मोटर लावून उपसा वाढवला, की विहीर मचूळ व्हायला वेळ लागत नाही. आणि उधाणात लाट आली तर आधी टेकडी खाते, मग तुमचा नंबर. टेकडी गेली की मग धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी करत हेलपाटे घालायचे, दगडाचा बंधारा झाला की पुढची पुळण जाते, आणि पुळण नसलेल्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक येणार कशाला?

समुद्र दाखवायचा असेल तर माथ्यावरून एकच वाट ठेवा, सरळ नाही, तिरकी, म्हणजे त्यातून वारा घुसून खिंड पडणार नाही, बाकी बाजूंनी जायचं नाही असं दोर लावून सांगा. जमिनीपासून उचललेली लाकडी वाट करायची असेल तर आधी परवानगी काढा. आणि त्या पोरांना पुढच्या वेळी चहा द्या, तुमच्या टेकडीचं माप फुकटात ठेवतायत ती.

प्रश्न : आम्ही शाळेतर्फे दरवर्षी किनाऱ्यावर सुरूची रोपं लावतो. मुलांना त्याची वाढ मोजायला लावतो. हा उपक्रम योग्य आहे ना? (श्रीवर्धन तालुका, शिक्षक)

उत्तर : सर, मुलांना किनाऱ्यावर नेता, मोजायला लावता, हे फार चांगलं, पण झाड बदलाच असं आग्रहाने म्हणेन. सुरूचं झाड कोकणातलं मूळचं नाही, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडून आलेलं. पटकन वाढतं, वारा अडवतं, जळाऊ लाकूड देतं, वाळूत नत्राची सोय स्वतःच करतं, हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच ठिकठिकाणी सुरूची बनं उभी राहिली. पण बनात जाऊन खाली बघा, सुयांसारख्या काड्यांचा जाड थर आणि त्याखाली जवळजवळ काही नाही, मर्यादवेल नाही, लॉनिया नाही. पुढची वेल गेली की वाळू अडवायला खाली कुणी उरत नाही, लाट मुळांखालची वाळू काढते आणि पुढच्या रांगा आडव्या होतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तुमच्याच भागात आलं, दिवेआगर-श्रीवर्धनला सुरूची काय अवस्था झाली ते मुलांच्या घरच्यांनी बघितलंय. कासवं अंडी घालतात त्या पट्ट्यात तर सुरू दाट नकोच.

मुलांकडून मर्यादवेलीचे तुकडे लावून घ्या. तीन-चार पेऱ्यांचा तुकडा, दोन पेरी वाळूत, पहिला पाऊस झाला की, भरतीच्या ओळीच्या वरच्या बाजूला. फार उस्तवार करावी लागत नाही. मागच्या बाजूला उंडी आणि केवडा. आणि मोजायचं काय, तर वेलीची लांबी आणि तिच्या पुढे-मागे खुंटीवर खूण करून वाळू किती चढली ते. सातवी-आठवीची मुलं हे नीट करतात.

प्रश्न : केळशीची वाळूची टेकडी त्सुनामीने झाली असं ऐकलं. खरं का? आम्हाला तिथे खणून थर बघता येतील का? (अकरावी, दापोली)

उत्तर : डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी त्या टेकडीचा बरीच वर्षं अभ्यास केला, तिच्या थरांमध्ये जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले, आणि ही वाळू त्सुनामीने आणून टाकली असं मत त्यांनी मांडलं. १५२४ मध्ये दाभोळजवळच्या समुद्रात वास्को द गामाच्या जहाजांना भूकंपासारखे धक्के बसल्याची नोंद आहे, तिच्याशी त्यांनी याचा संबंध जोडला. सगळ्यांना ते पटलंय असं नाही, वाऱ्याने वाळू साचून एवढी टेकडी होऊ शकते असंही म्हणणारे आहेत. हा वाद वाळूच्या दाण्यावरून थोडाफार पुढे नेता येतो, वाऱ्याने आणलेली वाळू बारीक आणि एकसारखी असते, लाटेने एकदम टाकलेल्या थरात भरड, शिंपल्याचे तुकडे, कधी खडे असं सगळं मिसळून येतं.

खणायचं मात्र नाही. एक तर ती जागा तशीच राहणं महत्त्वाचं आहे, आणि दुसरं म्हणजे कोरड्या वाळूतला खड्डा क्षणात ढासळतो, छातीइतक्या खोल खड्ड्यात माणूस अडकला तर बाहेर काढणं फार अवघड असतं. तुम्ही पुळणीवरची आणि टेकडीच्या माथ्यावरची मूठ-मूठ वाळू घ्या, वाळवा, कॉलेजच्या लॅबमधल्या चाळण्यांतून चाळा, दोन, एक, अर्धा, पाव मिलिमीटर अशा, आणि प्रत्येक चाळणीवर किती ग्रॅम राहते ते लिहा. थोड्या वाळूवर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे थेंब टाका, सरांसमोर, फसफसलं की शिंपल्यांचा चुना आहे. रत्नागिरीकडे गेलात तर मांडवीची काळी वाळू पण आणा, त्यात इल्मेनाइट नावाचं काळं खनिज आहे, जड असतं, तेवढ्याच आकाराचा साधा दाणा उडतो तेव्हा हा मागे राहतो.

प्रश्न : प्रोजेक्ट सबमिट झाला, मार्क मिळाले. आता डेटाचं काय करू? कपाटात पडून राहील. (रत्नागिरी, एमएस्सी)

उत्तर : कपाटात ठेवू नकोस. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवहीही. ग्रामसेवकाला भेट, तुझी यादी, रेषांचे नकाशे आणि फोटो त्या वहीत लावून घे, पोच घे. मराठीत दोन पानं लिही, इंग्रजी रिपोर्ट तिथे कुणी उघडणार नाही. रेषा जिथून सुरू केल्यास त्या पक्क्या खुणांचे फोटो आणि अक्षांश-रेखांश त्यात असलेच पाहिजेत, आणि कच्चे आकडे, नुसते सरासरीचे तक्ते नकोत. तोच संच तुझ्या डिपार्टमेंटला पेन ड्राइव्हमध्ये दे, आणि पुढच्या बॅचच्या एखाद्या मुलाला पावसाळा संपल्या संपल्या एकदा सोबत नेऊन काठ्या कुठे रोवायच्या ते दाखवून ये.